अणुभट्टीच्या पोटात दुर्बीण

१९ जानेवारी २०१२ रोजी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या दोन नंबरच्या भट्टीत पहिल्यांदा दुर्बीण घातली गेली. तोंडावर पूर्ण मुखवटे चढवलेल्या कामगारांनी काँक्रीटच्या जाडजूड भिंतीतून गेलेल्या एका पाइपातून साडेआठ मिलिमीटर जाडीची, दहा मीटर लांबीची लवचिक नळी हळूहळू आत सरकवली. टोकाला उजेड आणि डोळा, जोडीला एक तापमापक. अल्सर शोधायला डॉक्टर जी दुर्बीण रुग्णाच्या घशातून खाली उतरवतात, तिचीच ही कारखान्यात वाढलेली बहीण. सुमारे सत्तर मिनिटं चित्रण चाललं. पडद्यावर दाट वाफ दिसत होती, पाण्याचे थेंब टपटपत होते, पोलादी भिंतीवरच्या रंगाचे पोपडे सुटले होते, मधूनच एखादा पाइप ओळखू येत होता. आणि या सगळ्यावर सतत चमकून जाणारे पांढरे ठिपके. हे ठिपके म्हणजे दुर्बिणीवर आदळणारा किरणोत्सार.

बघायचं होतं ते मात्र पाणी. भट्टी चालवणाऱ्या तेपको कंपनीच्या हिशेबाप्रमाणे त्या पोलादी कवचात तळापासून साधारण साडेचार मीटर पाणी साचलेलं असायला हवं होतं. दुर्बीण चार मीटरच्या पातळीपर्यंत उतरली. पाणी नव्हतं. नळी तिथेच संपली.

दहा महिन्यांपूर्वी, ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ रिश्टरच्या घरातला भूकंप झाला. तासाभरात आलेल्या त्सुनामीने केंद्रातली डिझेल जनित्रं आणि बॅटऱ्या बुडवल्या. चालू असलेल्या तीन भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं. त्यावर सतत पाणी फिरवावं लागतं आणि पाणी फिरवायला वीज लागते. एक नंबरची इमारत १२ तारखेला हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली, तीन नंबरची १४ तारखेला. दोन नंबरची भट्टी मधल्या काळात जवळजवळ सत्तर तास तग धरून होती. वाफेवर चालणारा एक पंप, नियंत्रणाला वीज नसताना, कुणाच्या हुकमाशिवाय पाणी ढकलत राहिला. १४ तारखेच्या दुपारी तोही थकला. केंद्राचे प्रमुख मासाओ योशिदा यांनी नंतर चौकशीत दिलेल्या जबानीत म्हटलं आहे की त्या रात्री त्यांना सगळा पूर्व जपान हातचा गेला असं वाटलं होतं. १५ तारखेच्या सकाळी भट्टीखालच्या गोल, पोकळ कक्षाचा दाब शून्यावर आल्याचं काट्याने दाखवलं. कवच कुठेतरी फुटलं होतं.

गंमत अशी, की तिन्ही इमारतींमध्ये हीच बाहेरून धड राहिली. शेजारच्या एक नंबरच्या स्फोटाने तिच्या भिंतीतलं एक झडपवजा दार उघडलं गेलं आणि आत साठू पाहणारा हायड्रोजन त्या वाटेने निघून गेला. म्हणून निदान इमारतीत शिरून भिंतीजवळ उभं राहणं शक्य होतं. दुर्बिणीसाठी दोन नंबरचीच भट्टी निवडण्यामागे हा मोठा भाग होता.

कवच म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. अणुइंधन असतं ते एका जाड पोलादी पात्रात. त्या पात्राभोवती उलट्या टांगलेल्या विजेच्या दिव्याच्या आकाराचं आणखी एक पोलादी कवच असतं, आणि त्याच्या तळाला जोडलेला एक गोल, पोकळ कक्ष, ज्यात पाणी भरून ठेवलेलं असतं. कवचाबाहेर सुमारे दोन मीटर काँक्रीट. अपघातात इंधन वितळलं, बरंचसं पात्राबाहेर गळून कवचाच्या तळाशी पडलं असावं, एवढा अंदाज होता. त्यावर तासाला सुमारे नऊ टन पाणी ओतलं जात होतं. ते कुठवर चढतं, कुठून निसटतं, वितळलेला गोळा पाण्याखाली आहे की उघडा, यातलं काहीही कोणी पाहिलं नव्हतं.

तरीही १६ डिसेंबर २०११ रोजी पंतप्रधान योशिहिको नोदा यांनी जाहीर केलं की भट्ट्या थंड होऊन स्थिर स्थितीला आल्या आहेत. मुख्य कसोटी होती पात्राच्या तळाचं तापमान शंभर अंशांच्या खाली असणं, आणि हे तापमान सांगणारे तापमापक भूकंप, वितळण आणि खाऱ्या पाण्याचा मारा झेललेले होते. निवेदन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आकडे तसे होते. पण न पाहिलेल्या जागेबद्दल दिलेली ती ग्वाही होती, आणि पुढच्याच महिन्यात एका बारीक नळीने तिच्यातली एक बाजू लंगडी ठरवली.

ही नळी वैद्यकाच्या दालनातून आलेली. १८६८ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला अॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरने सुमारे ४७ सेंटिमीटर लांबीची सरळ नळी एका माणसाच्या जठरात उतरवली. माणूस मुद्दाम निवडलेला: तलवार गिळण्याचे खेळ करणारा. त्याच्यासारखी मान ताठ करून घसा मोकळा ठेवणं सामान्य रुग्णाला कुठून जमणार! नळी गेली, पण आत उजेड पुरेना, त्यामुळे फारसं काही दिसलं नाही. पुढची नव्वद वर्षं दुर्बिणीचा इतिहास या दोन अडचणींभोवती फिरत राहिला. वळायचं कसं, आणि उजेड न्यायचा कसा.

जपानला या प्रश्नात विशेष रस होता, कारण जठराचा कर्करोग तिथे फार. १९५० मध्ये तोक्योतले तरुण शल्यचिकित्सक तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते मुत्सुओ सुगिउरा व मासाहारु फुकामी यांनी जठरात उतरणारा कॅमेराच बनवला. सहा मिलिमीटर रुंदीची फिल्म, इवलासा दिवा, आणि बाहेरून दोरी ओढून घेतलेले फोटो. डॉक्टरला आत काही दिसत नसे. अंधारी खोली करायची, दिव्याचा उजेड पोटाच्या कातडीतून झिरपताना पाहून कॅमेरा कुठे आहे हे ताडायचं, फोटो घ्यायचे आणि धुऊन आल्यावर बघायचं.

डोळ्याने थेट बघण्याची वाट काचेच्या तंतूंनी उघडली. पंजाबातल्या मोग्याचे, देहरादूनच्या आयुध कारखान्यात काम केलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधनाला गेले. त्या दोघांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हजारो तंतूंची जुडी एका टोकाचं चित्र दुसऱ्या टोकाला, वळणावळणातून, नेऊ शकते. उणीव एवढीच, की तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश शेजारच्यात झिरपे. मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने १९५६ च्या अखेरीस काचेच्या कांडीवर दुसऱ्या काचेची नळी चढवून दोन्ही एकत्र ओढले, आणि प्रत्येक तंतूला स्वतःचं काचेचं वेष्टण मिळालं. त्यातून तयार झालेली दुर्बीण बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत आधी स्वतः गिळली, मग काही दिवसांनी रुग्णाला दिली.

कारखान्यांना याच सुमारास, किंबहुना आधीपासून, असल्या डोळ्याची गरज होती. तोफेची नळी आतून तपासायला सरळ दुर्बीण वापरात होतीच. १९२१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. जॉर्ज क्रॅम्प्टन यांनी वाफेच्या टर्बाइनचा पोकळ आस आतून पाहता यावा म्हणून वेस्टिंगहाउस कंपनीसाठी तसंच साधन तयार केलं. रुग्ण तपासणाऱ्याने यंत्र तपासायचं साधन घडवलं, हा क्रम मला लक्षणीय वाटतो. देवाणघेवाण पहिल्यापासून दुहेरी होती. पुढे विमानाची इंजिनं, बॉयलर, रासायनिक कारखान्यांतले पाइप, जिथे उघडून पाहणं महाग किंवा अशक्य, तिथे लवचिक दुर्बीण गेली. तिला पोटातल्यापेक्षा जास्त लांबी लागली, तेल आणि उष्णता सोसणारं वेष्टण लागलं, निर्जंतुक करण्याची कटकट गेली.

फुकुशिमात मात्र गणित वेगळं. थोडा विचार केला तर कवचाच्या आतली हवा मानवी पोटापासून फार दूर नाही: अंधार, शंभर टक्के ओल, आणि त्या जानेवारीत मोजलेलं तापमान ४४.७ अंश. एवढ्यात कुठलीही चांगली औद्योगिक दुर्बीण निभावून नेते. मारतो तो किरणोत्सार. साध्या काचेवर गॅमा किरणांचा मारा झाला की काचेच्या रचनेत इलेक्ट्रॉन अडकतात आणि काच तपकिरी पडत जाते. काचेत सेरियम मिसळला, किंवा शुद्ध सिलिकाचे तंतू घेतले, तर हे काळवंडणं लांबवता येतं. टोकाला कॅमेऱ्याची चिप ठेवली तर तिच्यावर आदळणारा प्रत्येक कण प्रकाशाचा खोटा ठिपका होऊन पडद्यावर उमटतो, आणि कालांतराने चिपच निकामी होते. चिप बाहेर ठेवून चित्र तंतूंतून आणावं, तर लांबी वाढेल तसं चित्र मंदावतं. वेष्टणाचं प्लास्टिक ठिसूळ होतं, गोंद सुटतो. प्रत्येक उपायाची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी गुणाने चुकवायची.

त्याहून अवघड काम भोक पाडण्याचं. कवचात हायड्रोजन पेट घेऊ नये म्हणून नायट्रोजन भरून ठेवला होता आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त होता. भोक उघडं पडलं की किरणोत्सारी वाफ खोलीत येणार. केबल आणि पाइप आत नेण्यासाठी कवचाला मुळातच अनेक तोंडं ठेवलेली असतात. त्यातलं एक्स-५३ क्रमांकाचं तोंड या कामासाठी घेतलं. त्यावर झडप बसवली, झडपेतून गिरमीट आत घालून झाकण छेदलं, गिरमीट मागे घेताच झडप बंद केली, मग त्याच झडपेतून मार्गदर्शक नळी आणि तिच्यातून दुर्बीण. आतला वायू निसटू न देता शरीरात साधन घालायची ही पद्धत दुर्बिणीने पित्ताशय काढणाऱ्या कोणत्याही शल्यचिकित्सकाच्या ओळखीची आहे. फरक इतकाच की इथे रुग्णाजवळ उभं राहण्याचा वेळ मोजून मिळत होता आणि प्रत्येक मिनिट कामगाराच्या नोंदवहीत चढत होतं.

पाणी दिसलं नाही ही बातमी जगभर झाली. दुर्बिणीच्या तापमापकाचा आकडा कवचातल्या जुन्या तापमापकाशी साधारण जुळला, ही त्यातली दिलाशाची बाजू. ती मागे पडली. तिचं मोल पुढच्या महिन्यात कळलं. फेब्रुवारीत पात्राच्या तळाशी बसवलेला एक तापमापक चढू लागला. १२ तारखेला त्याने ८० अंशांची सुरक्षा-मर्यादा ओलांडली. पाण्याचा ओघ वाढवला तरी काटा खाली येईना, शेजारचे तापमापक मात्र शांत. मग तो अशक्य आकडे दाखवू लागला आणि निष्कर्ष निघाला की तापमापकच बिघडला आहे. ज्या उपकरणांच्या भरवशावर भट्टी थंड असल्याचं जाहीर झालं होतं, ती अशी एकेक करून मुकी होत चालली होती. त्याच वर्षी पुढे पात्रात एका जुन्या पाइपातून नवा तापमापक सरकवण्यात आला, हा या प्रकरणाचाच परिणाम.

२६ मार्चला दुसरी दुर्बीण गेली, या वेळी वीस मीटरची. ती पाण्यापर्यंत पोचली. पाणी स्वच्छ होतं, त्यात गाळाचे बारीक कण तरंगत होते, आणि त्याची खोली होती तळापासून फक्त ६० सेंटिमीटर. तासाला नऊ टन ओतूनही साडेचार मीटरच्या जागी ढोपराएवढं पाणी! कवचाला खालच्या बाजूला गळती होती, आणि ओतलेलं पाणी खालच्या गोल कक्षातून इमारतीच्या तळघरात उतरत होतं. कवच पाण्याने काठोकाठ भरायचं आणि त्या पाण्याच्या आडोशाने वितळलेलं इंधन वरून उचलायचं, अशी योजना तोवर कागदावर मांडलेली होती. अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर पाण्याखालूनच इंधन काढलं होतं. फुकुशिमात आधी गळती शोधायची, मग बुजवायची, तेव्हा कुठे भरायचं. त्या ६० सेंटिमीटरनी या सगळ्या आराखड्याचा पायाच हलवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने किरणोत्सार मोजणारं यंत्र आत गेलं. कमाल आकडा आला तासाला सुमारे ७३ सिव्हर्ट. हिशेब केला तर सेकंदाला वीस मिलिसिव्हर्ट. अणुक्षेत्रातल्या कामगाराला वर्षभरात सरासरी जेवढी मुभा असते तेवढा किरणोत्सार एका सेकंदात. सहा-सात मिनिटांत जीवघेणी मात्रा पूर्ण. माणूस तिथे कधीच जाणार नव्हता, पण यंत्रांनाही ते ठिकाण परवडणारं नव्हतं. कंपनीच्या सांगण्यानुसार वापरलेली दुर्बीण एकूण हजार सिव्हर्टपर्यंत टिकणारी होती, म्हणजे तिथे तिचं आयुष्य साधारण चौदा तासांचं. हे जाहीर झालं तेव्हा पुढच्या दशकाचा कार्यक्रम ठरून गेला: जास्त सोसणारी यंत्रं बनवा.

मराठी वाचकाला या सगळ्याशी एक धागा जोडता येईल. पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, पाणी उकळून थेट टर्बाइनला वाफ देणाऱ्या जातीच्या. फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्या याच कुळातल्या. एक नंबरची १९७१ ला, दोन नंबरची १९७४ ला चालू झाली. २०११ नंतर तारापूरचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत वारंवार आलं ते याच नात्यामुळे. रचना तंतोतंत एक नाही, पण साठच्या दशकातल्या अभियंत्यांनी कवचाची कल्पना करताना ते कधी आतून तपासावं लागेल, तेही असल्या स्थितीत, याचा विचार केला नव्हता हे दोन्हीकडे सारखंच.

फुकुशिमात एक्स-५३ची वाट २०१३ मध्ये पुन्हा वापरून पाहिली. पात्राच्या बरोबर खाली, जिथे वितळलेलं इंधन पडलं असणार, तिथे ती जात नव्हती. २०१७ च्या जानेवारीत दुसऱ्या, जास्त रुंद तोंडातून एका लांबणाऱ्या नळीवर कॅमेरा गेला. पात्राखालच्या जाळीला सुमारे मीटरभर चौरसाचं भोक पडलेलं त्यात दिसलं. मग एक विलक्षण प्रकार झाला. चित्रावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीवरून किरणोत्साराचा अंदाज बांधला, तो आला तासाला ५३० सिव्हर्ट. पुढच्या महिन्यात ६५०. जगभर पुन्हा मथळे. त्याच महिन्यात विंचवासारखी शेपटी वर घेणारा ‘सासोरी’ हा यंत्रमानव आत सोडला, तो वाटेतल्या कचऱ्यात अडकून तिथेच राहिला. काही महिन्यांनी हिशेब पुन्हा तपासला गेला आणि ते अवाढव्य आकडे ७०-८० सिव्हर्टच्या घरात आले. २०१२ च्या दुर्बिणीच्या वाटेने गेलेल्या मोजमापाचा ७३ हा आकडा तुलनेने जास्त खरा निघाला. कारण उघड आहे: तिथे मोजायचं यंत्र वेगळं नेलं होतं, इथे डोळ्यावरच्या दोषाचंच मोजमाप केलं होतं.

२०१८ च्या जानेवारीत लांब दांड्याच्या टोकाला टांगलेला कॅमेरा पात्राखाली तळापर्यंत उतरला. खडे, चिखलासारखा साका, आणि त्यात पडलेला इंधन-जुडग्याच्या वरच्या कड्याचा तुकडा. इंधन पात्राबाहेर पडलं आहे याचा हा डोळ्यांना दिसलेला पुरावा. २०१९ मध्ये चिमटा लावून ते खडे हलवून पाहिले. मधल्या काळात दोन नंबरच्या गोल कक्षातली पाण्याची पातळी तळघरातल्या पातळीशी जुळते हेही कळलं होतं; गळती खाली, त्या कक्षालाच. कवच काठोकाठ भरण्याचा विचार बाजूला ठेवला गेला. आता बाजूच्या तोंडातून, कोरड्यानेच, इंधन काढायचं ठरलं.

त्याचा पहिला प्रयत्न २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी थांबला, कारण ढकलायच्या नळ्या चुकीच्या क्रमाने लावल्या होत्या. सप्टेंबरात यंत्र आत गेलं तर चारपैकी दोन कॅमेऱ्यांची चित्रं बाहेर येईनात. किरणोत्सारामुळे कॅमेऱ्यात विद्युतभार साचला असावा असा अंदाज करून कॅमेरे बदलले. ७ नोव्हेंबरला बाहेर आलेला तुकडा भरला ०.७ ग्रॅम. तिन्ही भट्ट्यांमध्ये मिळून असला मलबा सुमारे ८८० टन असल्याचा कंपनीचा अंदाज आहे, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिने सांगितलं की मोठ्या प्रमाणावर काढणी तीन नंबरच्या भट्टीपासून सुरू होईल, २०३७ च्या आधी नाही.